परका हात

मे महिन्यात सोलापुरात माणसं सावलीच्या हातभर तुकड्यासाठी एकमेकांकडे वाईट नजरेने बघायला लागतात, तेव्हा मल्लिनाथ होटगीकर उत्तुंगशिखर ग्लोबल अकॅडमीच्या मागच्या अंगणात, तापलेल्या पत्र्याखाली शाळेच्या दुकानाच्या रांगेत उभा होता. हातात तिसरीच्या साहित्याची यादी होती. शाळा ती फोनवर पाठवायची आणि पालक ती छापून आणायचे, कारण दुकानाच्या खिडकीतल्या बाईंना फोनवरची यादी चालत नसे. कागद वाचवा, असं त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं.

मल्लिनाथ एका सहकारी बँकेत अधिकारी होता. पूर्वी तो चेकवरच्या सह्या तपासायचा. आता ते काम यंत्र करायचं आणि यंत्राने तपासलेल्या सहीखाली मल्लिनाथ स्वतःची सही करायचा. त्यामुळे न वाचता सही करण्याचा त्याला चांगला सराव होता. शाळेच्या बाबतीत हा सराव फार उपयोगी पडे.

यादी नेहमीसारखीच होती. मंगळवारचा पिवळा टी-शर्ट, शुक्रवारचा पोपटी. पांढरे बूट, काळे बूट आणि ‘इतर बूट’. टिश्यूचे बारा रोल, ज्यांचं शाळा पुढे काय करते हे विचारण्याची प्रथा नव्हती. एकाच कंपनीच्या गोंदाच्या कांड्या. पक्ष्याने स्वखुशीने सोडून दिलेलं एक घरटं. गेल्या वर्षीही घरटं होतंच. होटगी रोडवरचा एक माणूस काथ्याची घरटी विणून विकायचा, आणि ती पक्ष्यांच्या घरट्यांपेक्षा नीटनेटकी असल्यामुळे मुलांना मार्कही जास्त पडायचे.

या वर्षी यादीत एक नवी वस्तू होती : निजलेखणी, एक. फक्त शाळेच्या दुकानातून.

मल्लिनाथच्या पुढे अंबादास येमूल उभा होता. त्याचा मुलगा मल्लिनाथच्या मुलीच्या, शाल्मलीच्या वर्गात. येमूल अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, की हे आता फार झालं, पुढच्या मीटिंगमध्ये तो उभा राहून विचारणार आहे, कुणाला भीत नाही. रांग माना डोलावत होती. मग खिडकी आली, येमूलने पाकीट काढलं, लेखणी घेतली आणि खिडकीतल्या बाईंना थँक्यू म्हणाला.

ही निजलेखणी सरकारमान्य होती आणि तिच्यामागे बऱ्यापैकी शहाणपण होतं. काही वर्षांपासून गृहपाठ मूल लिहितंय की यंत्र, हेच कळेनासं झालं होतं. निबंध यंत्र लिहायचं. मग शाळांनी हस्ताक्षराची सक्ती केली, तर यंत्र हस्ताक्षरातही लिहू लागलं, तेही खाडाखोड आणि शाईच्या डागांसकट. त्यावर तज्ज्ञांनी शोधलेला उपाय म्हणजे ही लेखणी. दिसायला साध्या बॉलपेनसारखी, जरा जाड. तिच्या पोटात तांदळाच्या कणीएवढे संवेदक होते. धरणाऱ्याची पकड, कागदावरचा दाब, बोटांचा बारीक कंप, अक्षराचा कुठला भाग आधी आणि कुठला नंतर काढला जातो, हे सगळं ते टिपत. त्यातून लेखणी एक ‘हातठसा’ तयार करायची. अंगठ्याच्या ठशासारखाच, पण हालचालीचा.

पहिले तीन आठवडे लेखणी शिकाऊ असे. नंतर ठसा गोठायचा. मालकाने लिहिलं की टोकाला हिरवा दिवा लागे. दुसऱ्या कुणी लिहिलं की लाल, आणि शाळेच्या संगणकावर दोनच शब्द उमटत : परका हात. मुलं वाढतात, हात बदलतात, हेही तज्ज्ञांनी विचारात घेतलं होतं. बदल सावकाश झाला तर लेखणी तो सामावून घ्यायची. एकदम झाला तर नाही. हा ठसा थेट दहावीच्या बोर्डापर्यंत मुलाच्या सोबत जाणार होता.

लेखणीला शिकायला भरपूर मजकूर मिळावा म्हणून शाळेने त्याच तीन आठवड्यांसाठी एक प्रकल्प दिला. ‘आमचं सोलापूर : काल, आज आणि उद्या’. चाळीस पानं, निजलेखणीने, मुलाच्या स्वतःच्या हातची. सोबत पालकांचं प्रतिज्ञापत्र, की पाल्याने सगळं एकट्याने केलं आहे. मल्लिनाथने त्यावर लगेच सही केली. प्रकल्प तेव्हा सुरूही झाला नव्हता.

रविवारी दुपारी होटगीकरांच्या घरात कूलर घरघरत होता. सुवर्णा, म्हणजे मल्लिनाथची बायको, जेवणाच्या टेबलावर भुईकोट किल्ल्याची चित्रं कापत होती. एरवी ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे बारीक कापाकापी तिच्याकडे आणि लिखाण नवऱ्याकडे, अशी वाटणी बालवाडीपासूनच झाली होती. शाल्मली पलीकडे बसून कच्च्या कागदावर पेन्सिलीने लिहून बघत होती. आठ वर्षांची ती पोर आधी कागदावर एक लांब आडवी रेघ ओढायची आणि मग एकेक अक्षर त्या रेघेला खाली लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. अर्ध्या तासात तिच्या दोन ओळी झाल्या. त्यातलं सोलापूर शेवटी वर वर चढत कागदाबाहेर निघालं होतं.

मल्लिनाथने ते पाहिलं आणि त्याला दुसरीतला शेरा आठवला. शाल्मलीने हट्टाने स्वतः केलेल्या एकुलत्या एका प्रकल्पावर बाईंनी लिहिलं होतं : ‘अस्वच्छ. पालकांनी लक्ष द्यावे.’

“तू जा, खेळ जा,” तो म्हणाला आणि त्याने लेखणी डाव्या हातात घेतली.

यात विशेष काही नव्हतं. त्या वर्गातल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी आपला डावा हात तयार ठेवला होता. मोठ्या माणसाने उजव्या हाताने लिहिलं तर बाईंना ओळखू येतं. डाव्याने लिहिलं की अक्षर आपोआप आठ वर्षांचं होतं, थोडं थरथरतं, थोडं फुगतं, पण ओळीत राहतं. बाईंनाही हे ठाऊक होतं, कारण त्यांनाही मुलं होती. मुलाचं भासेल असं पण मुलाने न लिहिलेलं अक्षर त्यांना आवडायचं.

तिसऱ्या पानावर लेखणीच्या टोकाला हिरवा दिवा लुकलुकला आणि फोनवर निरोप आला : ‘छान, शाल्मली. मी तुला ओळखू लागले आहे.’ मल्लिनाथला बरं वाटलं. बँकेत एकवीस वर्षांत त्याला कुणी असं म्हणालं नव्हतं.

प्रकल्पाला तारांकित श्रेणी मिळाली. पुढे पावसाळाभर आणखी तीन प्रकल्प आले आणि तेही तसेच पार पडले. शाळेत मुलं काचेच्या पाटीवर बोटाने उत्तरं निवडत, त्यामुळे लेखणीची गरज घरीच पडायची. ती हरवली तर नवी मिळायला महिना लागतो, म्हणून सुवर्णाने ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. शाल्मलीला तिथपर्यंत हात पुरत नव्हता.

ऑक्टोबरात सहामाही परीक्षा आली. मराठीचा पेपर हाताने लिहायचा होता. त्या सकाळी सुवर्णाने लेखणी काढून शाल्मलीच्या कंपासपेटीत ठेवली आणि नीट लिही म्हणून सांगितलं. आपल्या निजलेखणीने शाल्मली आयुष्यात पहिल्यांदाच लिहिणार होती.

दुपारी ती घरी आली, बूट काढले, पाणी प्यायली. रडली वगैरे नव्हती. तिने सांगितलं, की पहिल्याच ओळीला लाल दिवा लागला. मग तिच्या शेजारच्या मुलीचा लागला, मग पुढच्या रांगेत सगळ्यांचे लागले आणि वर्ग सिग्नलसारखा दिसायला लागला. बाई म्हणाल्या, लिहीत राहा. म्हणून ती लिहीत राहिली.

“पेन म्हणतंय, ती मी नाही,” शाल्मली म्हणाली. “पण बाबा, तिथं मीच बसले होते की.”

संध्याकाळी शाळेचं पत्र आलं. आपल्या पाल्याच्या जागी परक्या हाताने परीक्षा दिल्याचे आढळले आहे. निकाल राखून ठेवला आहे. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न झाल्यास ही नोंद पाल्याच्या शैक्षणिक ओळखीत कायम राहील. म्हणजे दहावीला, बारावीला, पुढे कुठे प्रवेश घ्यायला गेली तरी, शाल्मली होटगीकर या नावापुढे ते दोन शब्द उभे राहणार होते.

मल्लिनाथने दोन दिवस काहीच केलं नाही. बँकेत तो सह्या करत राहिला. सुवर्णाने तिसऱ्या दिवशी विषय काढला. जाऊन सरळ सांगा, लिहिलं मी, तिचा काही संबंध नाही. मल्लिनाथ म्हणाला, प्रतिज्ञापत्रावर त्याची सही आहे. बँकेतल्या माणसाने खोटं प्रतिज्ञापत्र दिलं, हे बाहेर गेलं तर काय होईल याचा तिने विचार केलाय का.

“हात तुमचा,” सुवर्णा म्हणाली, “आणि लबाड ती. हे चालतंय तुम्हाला?”

त्यानंतर तिने भाकरी थापायला घेतली आणि त्या दिवशी भाकऱ्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

शनिवारी शाळेने पालकसभा बोलावली. ती ग्रंथालयात होती, कारण तिथली कपाटं बंद असल्यामुळे जागा नेहमी स्वच्छ असे. वर्गात अडतीस मुलं होती. सात जण सोडून सगळी परकी निघाली होती. त्या सातांतल्या एकाची आई, रुबीना शेख, मल्लिनाथच्या शेजारी अंग चोरून बसली होती. तिचं बेगम पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. गेल्या सभेत तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, की तुमच्या अरमानचा प्रकल्प असा का.

“आमच्याकडनं राहूनच गेलं की ओ,” ती मल्लिनाथला हळूच म्हणाली. “दुकानातनं उठायला होत नाही. त्यानंच काय काय गिरबटलं. मी म्हटलं, जाऊ दे, आपली लाज जाईल तर जाईल.” तिला अजून कळलं नव्हतं, की सभेतले सगळे तिच्याकडे हेव्याने बघत होते.

मुख्याध्यापिका राजोपाध्ये मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फार गोड होता. शाळेला कुणावर आरोप करायचा नाही, असं त्या म्हणाल्या. पण यंत्र चुकत नाही, हे निजलेखणी कंपनीचे सल्लागार गृहस्थ स्वतः इथे येऊन सांगणार होते. गृहस्थ उठले. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. यंत्र चुकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते बसले. कुणाला काही विचारायचं आहे का, मॅडमनी विचारलं.

मल्लिनाथने अंबादास येमूलकडे पाहिलं. येमूल छताच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

मग मल्लिनाथ उभा राहिला. उभं राहायचं त्याने ठरवलं नव्हतं. गुडघ्यांनीच ते ठरवलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “शाल्मली होटगीकरच्या प्रकल्पातलं अक्षर तिचं नाही. माझं आहे. डाव्या हाताचं. लेखणीनं माझा हात शिकून घेतलाय. परीक्षेला बसली ती खरी शाल्मली.”

मॅडमनी सल्लागारांकडे पाहिलं. सल्लागार म्हणाले, हे पडताळून पाहता येईल. परीक्षेनंतर शाळेने ठेवून घेतलेली शाल्मलीची लेखणी आणली गेली. मल्लिनाथने ती डाव्या हातात धरून कागदावर लिहिलं, सोलापूर हे ऐतिहासिक शहर आहे. टोकाला हिरवा दिवा लागला. पडद्यावर नाव उमटलं : शाल्मली मल्लिनाथ होटगीकर, वय आठ, जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

मल्लिनाथला वाटलं, सुटलो.

सल्लागारांनी तो पडदा बराच वेळ पाहिला. ते खरोखर प्रभावित झाले होते. “कमाल आहे,” ते म्हणाले. “एवढी हुबेहूब नक्कल आम्ही अजून पाहिली नव्हती. तुम्ही मुलीचा हात इतका आत्मसात केलाय, की लेखणीही फसली.”

मल्लिनाथ म्हणाला, नक्कल कसली, हात माझाच आहे. सल्लागारांनी त्याला समजुतीने सांगितलं. नोंदणीत शाल्मलीचा ठसा आहे. तो शाल्मलीचाच, कारण तो शाल्मलीच्या नावावर आहे, आणि तसं प्रतिज्ञापत्र पालकांनी दिलेलं आहे. आता त्या ठशाशी जो जुळेल तो एक तर शाल्मली असेल किंवा तिची नक्कल करणारा. आपण शाल्मली आहात का, त्यांनी विचारलं. मल्लिनाथ म्हणाला, नाही. मग प्रश्न मिटला, ते म्हणाले.

राजोपाध्ये मॅडम आता आणखी गोड झाल्या. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला असा, की पालकांनी लेखी द्यावं की प्रतिज्ञापत्र खोटं होतं. मग जुना ठसा पुसता येईल, पण नवा पुढच्या वर्षीच्या तिसरीबरोबरच घेता येईल. म्हणजे मुलीचं वर्ष जाणार, आणि तिच्या ओळखीत ‘पालकहस्त’ अशी नोंद राहणार. दुसरा मार्ग असा, की हे सगळं झालंच नाही असं समजायचं. मुलांचं अक्षर मधल्या काळात बिघडलेलं आहे. शाळा त्यांच्यासाठी ठसा-अनुरूपता वर्ग सुरू करत आहे. त्यात प्रत्येक मूल आपल्या मूळ, नोंदणीकृत अक्षराकडे परत येईल. जानेवारीत फेरपरीक्षा.

“त्यांचं मूळ अक्षर नाहीये ते,” मल्लिनाथ म्हणाला. पण मॅडम आता इतरांकडे पाहत होत्या. पहिला मार्ग कुणाला हवा आहे, त्यांनी विचारलं. त्याला वाटलं, आता उरलेली तीस माणसं उठतील. एकाच वेळी सगळे उठले असते, तर शाळेला वर्गच्या वर्ग नापास करता आला नसता, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. प्रत्येकजण दुसरा आधी उठेल म्हणून थांबला होता. रुबीना शेख तेवढी अर्धवट उठली, पण तिला कुणीतरी सांगितलं की हे तुमच्यासाठी नाही, आणि ती बसली.

मल्लिनाथ मॅडमच्या टेबलापाशी गेला. पहिल्या मार्गाचा कागद समोर होता. त्यावर सही केली तर शाल्मली तिच्या मैत्रिणींना पुढच्या वर्गात जाताना बघणार होती, आणि तरीही तिच्या नावाला डाग राहणारच होता. दुसऱ्या मार्गाचा कागद शेजारी होता. पेन तेच होतं.

त्याने दुसऱ्यावर सही केली. या वेळी त्याने कागद आधी पूर्ण वाचला होता, आणि त्यामुळे ती सही करायला त्याला फार वेळ लागला.

दारात सगळ्यांना अनुरूपता वर्गाच्या साहित्याची यादी मिळाली. तिरक्या पकडीसाठी रबरी बोटटोप्या, गिरवण्याचा पारदर्शक कागद, आणि मूळ अक्षराचे नमुने, पन्नास पानं. नमुने पालकांनी घरून आणायचे होते.

दिवाळीच्या सुट्टीत मल्लिनाथने पन्नास पानं डाव्या हाताने लिहिली. शाल्मली शेजारी बसून ती गिरवत होती. तिने सवयीने आधी आडवी रेघ ओढली. तो म्हणाला, रेघ शेवटी. आधी अक्षरं.

“का?”

“तू तशीच लिहितेस म्हणून.”

शाल्मलीने त्याच्याकडे पाहिलं. तिने वाद घातला असता, रुसली असती, पेन फेकलं असतं, तर बरं झालं असतं. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात तेवढ्याचसाठी थांबली होती. पण आज्ञाधारक मूल वाढवण्यासाठी त्या दोघांनी आठ वर्षं मेहनत घेतली होती. शाल्मलीने बरं म्हटलं आणि अक्षरं काढायला घेतली. वर रेघ नसल्यामुळे ती सुरुवातीला एकमेकांवर पडत होती. हळूहळू उभी राहायला शिकली.

ती हुशार होती. डिसेंबरात तिला तो विशिष्ट कंप जमला. एकदा मल्लिनाथने पाहिलं, की ‘क’चा कान वळवताना ती ओठ एका बाजूला दाबते, जसं डाव्या हाताने लिहिताना त्याचं होतं. ते शिकवल्याचं त्याला आठवत नव्हतं. सल्लागारांनी फोनवर त्याला धीर दिला होता, की आता ठसा जुळला की मुलीला हवं तसं अक्षर ती सावकाश बदलू शकते, वर्षाला थोडं थोडं. दहावीपर्यंत ती स्वतःच्या अक्षरापर्यंत सहज पोहोचेल. तोपर्यंत ते कसं होतं हे कुणी लक्षात ठेवायचं, हे मल्लिनाथने विचारलं नाही. घरातले जुने कच्चे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले होते.

जानेवारीत फेरपरीक्षा झाली. एकतीसही दिवे हिरवे लागले. अंबादास येमूलने पालकांच्या गटावर पेढ्याचं चित्र टाकलं. शाळेने अभिनंदनाचं पत्र पाठवलं, की आपली पाल्य आता पुन्हा स्वतः झाली आहे. अरमान शेखच्या आईला मात्र निराळं पत्र गेलं. त्याचं अक्षर अस्सल असलं तरी वर्गाच्या सरासरीत बसत नाही, तरी पालकांनी लक्ष द्यावे.

त्यानंतरच्या एका रविवारी शाल्मली जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. अक्कलकोटला राहणाऱ्या आज्जीला ते पाठवायचं होतं. चित्रात बैल होता, बैलाला पाच पाय होते, आणि एक मुलगी त्याच्या पाठीवर उभी होती. ही शाळेची वस्तू नव्हती. तिला श्रेणी मिळणार नव्हती, कुठला दिवा लागणार नव्हता. मल्लिनाथ खुर्चीत बसून पेपर वाचत होता आणि किती दिवसांनी घरात असं शांत वाटतंय, असं त्याच्या मनात येत होतं.

चित्र झालं. खाली नाव लिहायला तिने पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबली. मग मान वर करून, दूध गरम पाहिजे की गार हे विचारावं इतक्या सहज, तिने विचारलं,

“बाबा, हे माझ्या अक्षरात लिहू, की शाल्मलीच्या?”